सव्वीस–सव्वीस आणि अप्पांचं विमान

माझ्या सासऱ्यांचं मुंबईचं विमान बेसबॉलमुळे चुकलं.

विमान अगदी वेळेवर सुटलं, त्यात फ्रँकफर्टच्या विमानतळाची काहीच चूक नव्हती. रस्ते मोकळे होते, अप्पा ठणठणीत होते, सामान आदल्या दिवशीच भरून, वजन करून, गाडीत ठेवून झालं होतं. मिरजेच्या आमच्या नातेवाइकांत ही हकीकत अजूनही ‘अनघानं सासऱ्यांचं विमान चुकवलं’ अशीच सांगितली जाते. मी ती दुरुस्त करायला जात नाही. बरीचशी खरी आहे.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट प्लॅनिंग करते. म्हणजे कुठलं काम कधी संपेल हे लोकांना आधी छातीठोकपणे सांगायचं, आणि ते संपलं नाही की का संपलं नाही हे त्याच छातीठोकपणे नंतर सांगायचं. फ्रँकफर्टजवळच्या बाड हॉम्बुर्गला येऊन आम्हाला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. माझा नवरा नितीन गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करतो, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस श्टुटगार्टला असतो. मुलगी इरा तेव्हा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं. उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. मी ‘जेवायला ये’ म्हणायचे, ती ‘ग्लाइश’, म्हणजे ‘आलेच’, म्हणायची, आणि आमचं दोघींचं यात व्यवस्थित चाललं होतं.

अप्पांचं मात्र चाललं नाही. माझे सासरे रेल्वेत गार्ड होते. उभा जन्म हिरवा बावटा हातात धरून दुसऱ्यांना वेळेवर गावाला पाठवलं, आणि रिटायर झाल्यावर घरातल्या रेडिओवर क्रिकेट ऐकत बसले. त्या वर्षी जानेवारीत सासूबाई गेल्या. ऑगस्टमध्ये नितीन मिरजेला जाऊन अप्पांना तीन महिन्यांसाठी इकडे घेऊन आला. मी तीन महिन्यांचा आराखडाच केला. ऱ्हाइन नदीची बोट झाली, किल्ला झाला, फुलांची बाग झाली, दुसरा किल्ला झाला. अप्पा सगळीकडे आले. सगळीकडे ‘छान आहे’ म्हणाले, घरी आल्यावर खिडकीशी बसले आणि समोरच्या बसस्टॉपवर बस वेळेवर येते का ते बघत राहिले. (येत होती. त्यामुळे तोही विरंगुळा फार टिकला नाही.)

इराशी ते मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, मग दोघंही मान हलवायचे. माझ्याशी त्यांचं बोलणं चहा आणि बीपीची गोळी या दोनच विषयांवर. मला वाटायचं, सून म्हणून मी कुठेतरी कमी पडतेय. म्हणून मी तिसरा किल्ला शोधायला घेतला. तेव्हाच एका सकाळी अप्पा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, ‘नितीनला सांग, माझं तिकीट अलीकडचं करून घे. आता बास झालं.’

रागावलेले नव्हते. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. नितीननं समजावून पाहिलं, मी दोनदा विचारलं, काही चुकलं का माझं. ते म्हणाले, छे, काही नाही, घर बंद आहे, बघायला हवं. सप्टेंबरमधल्या एका शनिवारचं संध्याकाळचं तिकीट निघालं.

आणि त्याच शनिवारी दुपारी इराची मॅच आली.

इरा बेसबॉल खेळते हे ऐकून भारतातले लोक एकदम आदरानं बघतात, म्हणून आधीच सांगते. तिची जिवलग मैत्रीण लेओनी त्या क्लबात जायची, म्हणून ही जायची. टीममध्ये मुलं-मुली मिश्र होती. इराला कायम उजव्या कोपऱ्यात अगदी लांब उभं करत, जिकडे चेंडू सहसा येत नसे. ती तिथे तासन्‌तास बगळ्यासारखी एका पायावर उभी राहायची. पूर्ण सीझनमध्ये तिच्या नावावर एकही धाव नव्हती. तरीही ही सीझनमधली शेवटची मॅच होती, मैत्रीपूर्ण सामना होता, आणि आजोबांनी यावं असं तिला फार वाटत होतं. हे ती त्यांना स्वतः सांगू शकली नाही. मला जर्मनमध्ये सांगितलं, मी अप्पांना मराठीत सांगितलं. अप्पा म्हणाले, बरं.

मी प्लॅन आखला. मॅच दुपारी एकला सुरू. मुलांची मॅच, दोन तासांत आटपणार. तीनला मैदानावरून निघायचं, विमानतळ पाऊण तासावर धरला तरी चारच्या आत पोचतो. नितीन श्टुटगार्टहून ट्रेननं थेट विमानतळावर येणार. फोनवर त्यानं विचारलं, नक्की ना, दोन तासांत संपते ना? मी म्हटलं, अरे, माझं कामच ते आहे.

मैदानावर पोचलो तर ऊन छान होतं, एका टेबलावर पालकांनी आणलेले केक होते, आणि लाल टोप्यांची पाहुणी टीम बसमधून उतरत होती. आमची मुलं निळ्या टोप्यांची. अप्पांना मी लाकडी बाकावर लेओनीच्या बाबांशेजारी बसवलं. मार्कुस त्यांचं नाव. हा मार्कुस म्हणजे चांगला जाडजूड, शांत माणूस, इंग्रजी बरं बोलणारा. त्यानं अप्पांना नियम समजावून दिले. चेंडू टाकणारा, म्हणजे आपला गोलंदाज समजा, टप्पा न पाडता हवेतूनच फेकतो. तो बॅटनं मारायचा आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांना वळसा घालून परत घरी, म्हणजे मारला तिथे, यायचं, की झाली एक धाव. चार चेंडू वेडेवाकडे पडले तर मारायलाही नको, फुकटात पहिल्या कोपऱ्यावर चालत जायचं. तीनदा फटका हुकला की गडी बाद, आणि तीन गडी बाद झाले की दुसऱ्यांची पाळी. असे सहा डाव.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि वाइडची धाव वेगळी नाही?’

मार्कुसनं मला विचारलं, वाइड म्हणजे काय?

मग खेळ सुरू झाला. म्हणजे खेळ असं म्हणायचं. आमच्या मुलानं पहिला चेंडू टाकला तो खेळणाऱ्याच्या डोक्यावरून गेला, दुसरा पंचांच्या पायावर, तिसरा आणि चौथा जाळीवर. लाल टोपीवाला चालत पहिल्या कोपऱ्यावर गेला. पुढचाही गेला. त्याच्या पुढचाही. अशी चालत जाणाऱ्यांची रांगच लागली, एक पुढे सरकला की शेवटचा घरात येऊन धाव. शेवटी कुणीतरी चुकून चेंडू मारला. तो आमच्या एका मुलाच्या दोन पायांतून गेला, दुसऱ्यानं धावत जाऊन उचलला आणि इतक्या जोरात फेकला की तो केकच्या टेबलाखाली गेला. तोवर तीन मुलं घरी पोचून पाणी पीत होती. तीन गडी बाद होईपर्यंत लाल टीमच्या आठ धावा झाल्या, आणि मी जाऊन दोन वेळा कॉफी आणली होती.

मग आपली पाळी. लाल टीमची मुलंही तितकीच उदार निघाली. त्यांनी आम्हाला पाच दिल्या. पहिला डाव संपला तेव्हा मी घड्याळ बघितलं, सहानं गुणलं, आणि पुन्हा एकदा गुणून पाहिलं.

अप्पांना मी धीर देत होते, पहिल्या डावात मुलं जरा बुजतात, पुढे भराभर होईल. अप्पा बाकावर जरा पुढे सरकून बसले होते. तिसरा डाव संपला तेव्हा लाल टीम सतरा, आपण आठ. तीन वाजत आले होते.

तेव्हा मार्कुसनं सहज बोलता बोलता मला ती गोष्ट सांगितली. मुलांच्या मॅचमध्ये चौथ्या डावापासून एक दयेचा नियम असतो म्हणे. दहा धावांचा फरक पडला की मॅच तिथेच थांबवायची, उगीच हरणाऱ्यांचे हाल नकोत.

सतरा वजा आठ. नऊ. फक्त एक धाव हवी होती.

पुढे मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही. लाल टीम खेळत होती, त्यांची तीन मुलं तिन्ही कोपऱ्यांवर उभी. त्यांचा एक गोरटेला जाडा मुलगा बॅट घेऊन आला. मी मनात म्हटलं, बाळा, मार. त्यानं खरंच मारला. चेंडू उंच, लांब उडाला, आणि मी बाकावरून उठून टाळ्या वाजवत ‘शाब्बास’ म्हणून ओरडले. चेंडू लेओनीच्या दिशेनं खाली आला. लेओनीनं डोळे मिटून हातमोजा वर केला आणि चेंडू त्यात पडला. मुलगा बाद. मी हताश होऊन ‘अरेरे’ म्हटलं.

आमच्या बाकांवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मार्कुस हळूच म्हणाला, ‘अनघा, आपण निळे आहोत.’

आता सांगणं भागच होतं. मी त्याला विमानाचं सांगितलं. त्यानं पलीकडच्या बाईंना सांगितलं, त्यांनी त्यांच्या पलीकडे. थोड्याच वेळात सगळ्या पालकांना कळलं की भारतीय आजोबांना आज विमान गाठायचं आहे. मग त्यांची तिथेच सभा भरली. कुणी म्हणालं महामार्गानं जा, कुणी म्हणालं छे, शनिवारी तिथे काम चालू असतं, एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडा. एका गृहस्थांनी फोनवर नकाशा काढून तीन पर्याय तपासले. बराच खल झाल्यावर सर्वानुमते असं ठरलं की मी अर्ध्या तासापूर्वीच निघायला हवं होतं. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणाले सगळे, आणि पुन्हा मॅच बघू लागले.

अप्पांना सगळं दिसत होतं. मी त्यांना म्हटलं, अप्पा, आपण निघूया, इरा येईल लेओनीबरोबर. ते म्हणाले, ‘हा डाव होऊ दे. मध्येच कुठं उठायचं.’

रेल्वेतला माणूस. ज्यांनी आयुष्यात एकदाही शिट्टी उशिरा वाजवली नाही, ते मला म्हणत होते, डाव होऊ दे. मला वाटलं, माझ्यावरच्या भरवशानं म्हणत असतील. मग तर मला आणखीनच धास्ती वाटली.

लाल टीमला त्या डावात धावच काढता आली नाही. उलट आमच्या मुलांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्यांनी नऊ धावा काढल्या, सतरा-सतरा. त्यातल्या चार-पाच तर लाल टीमच्या मुलांनी एकमेकांना चेंडू फेकता फेकता आम्हाला बहाल केल्या. आजूबाजूचे पालक आनंदानं नाचत होते. स्वतःची मुलं चांगली खेळली म्हणून हताश झालेली तिथे मी एकटीच आई होते.

मधेच नितीनचा फोन. तो विमानतळावर पोचला होता. विचारत होता, कुठपर्यंत आलात. मी म्हटलं, पाचव्या डावात. मग तो म्हणाला, म्हणजे हे शहर कुठलं?

पाचव्या डावात लाल टीमची मुलं दमली आणि पटापट बाद झाली. आमची पाळी आली. आता मी पक्की निळी. दहा धावांचा फरक आपल्या बाजूनं पडला तरी मॅच संपणारच होती, नियमाला दया कुणाची याचं काही नव्हतं. आणि देव पावला. अठरा, एकोणीस, बावीस, पंचवीस. सव्वीस. सव्वीस वजा सतरा. पुन्हा नऊ.

आणि तेव्हा, मंडळी, तिसऱ्या कोपऱ्यावर इरा उभी होती. चार वेडेवाकडे चेंडू सोडून ती फुकटात पहिल्या कोपऱ्यावर गेली होती आणि ढकलत ढकलत तिसऱ्यापर्यंत आली होती. ती घरी पोचली की तिची आयुष्यातली पहिली धाव. आणि तीच दहावी. मॅच खलास. विमान अजून मिळण्यासारखं होतं.

मी म्हटलं, आता तरी गाडी वळवून ठेवू. पार्किंगमध्ये गेले तर माझ्या गाडीच्या मागे आडवी एक स्टेशन वॅगन. चौकशी केली, कुणाची? पंचांची. उशिरा आले होते, घाईत लावली होती. किल्ली त्यांच्या खिशात, खिसा त्या सगळ्या चिलखताच्या आत, आणि ते बॅटवाल्याच्या मागे वाकून उभे. मी कुंपणाच्या छोट्या फाटकातून आत गेले. फक्त दोन पावलं. म्हटलं, त्यांनी इकडे बघितलं की खूण करीन.

तेवढ्यात लेओनीनं चेंडू मारला. लाल टीमच्या मुलानं तो उचलून फेकला तो थेट बाहेरच्या बाजूला, गवतावरून उड्या मारत, माझ्याच दिशेनं. तिकडे इरा घरच्या दिशेनं पळत सुटली होती, दोन्ही हात पसरून, वेणी मागे उडते आहे. इकडे चेंडू येऊन माझ्या पायाशी थांबला. लाल टोपीचा एक इवलासा मुलगा धापा टाकत त्याच्यामागे येत होता.

पुण्यात आमच्या सोसायटीत बॉल बाहेर आला की जो जवळ असेल त्यानं उचलून परत टाकायचा, एवढाच संस्कार माझ्यावर झालेला. मी वाकले, चेंडू उचलला, हसून त्या मुलाच्या हातात दिला. ‘बिट्टे’, म्हणजे ‘घे हं’, असंही म्हटलं.

पंचांनी दोन्ही हात वर केले. सगळं थांबलं. इरा घरापासून इतकी जवळ होती की पडली असती तरी पोचली असती. तीही थांबली.

प्रेक्षकानं चेंडूला हात लावला की खेळ मृत होतो हे मला तेव्हा कळलं. दोन्ही टीमचे कोच धावत आले. आमचे म्हणाले, मुलगी पोचलीच होती, धाव द्या. त्यांचे म्हणाले, पोचली नव्हती. पंचांनी शिरस्त्राण काढलं आणि मला विचारलं, तुम्ही आत कशासाठी आलात? मी खरं ते सांगितलं, तुमची गाडी काढायला सांगायला. तो सबंध वाद चालू असताना मी मधोमध उभी, हातात माझ्या गाडीची किल्ली. शेवटी निर्णय झाला: धाव नाही, इरा परत तिसऱ्या कोपऱ्यावर. जाताना तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं. ती नजर कुठल्याच भाषेत नव्हती. पुढच्या मुलानं तीन वेळा हवेत बॅट फिरवली आणि आमचा डाव संपला.

मार्कुस अतिशय सौम्य माणूस. तो म्हणाला, ‘तू तो उचलला नसतास ना, तर आत्ता आपण पार्किंगमध्ये असतो.’

मी मान खाली घालून बाकाकडे आले. अप्पांकडे बघायची हिंमत नव्हती. तर कसलासा आवाज येत होता. मला आधी वाटलं, त्यांना ठसका लागला. मी पाण्याची बाटली घेऊन वळले, तर अप्पा हसत होते. साधं हसणं नव्हे. चष्मा काढून, डोळे पुसत, बाकाची कड धरून. थांबायचे, माझ्याकडे बघायचे, आणि पुन्हा सुरू. शेजारच्या जर्मन बाईंनाही हसू आवरेना.

‘अगं,’ ते कसंबसं म्हणाले, ‘आउट करतात, रनआउट करतात. तू तर आख्खी मॅच बंद पाडलीस.’

सासूबाई गेल्यापासून मी अप्पांना हसताना पाहिलं नव्हतं. मीही बसले त्यांच्या शेजारी, आणि मलाही हसू फुटलं. दोघं हसतोय, पंच त्यांची स्टेशन वॅगन बाजूला घेतायत, दोन्ही टीम त्यांच्यासाठी थांबल्यायत. तेवढी दहा मिनिटं खेळ गाडी काढण्यासाठी बंद होता.

गाडी मोकळी झाली, पण शेवटचा डाव सुरू झाला आणि अप्पा जागचे उठेनात. अजूनही, अगदी पळत सुटलं असतं तर, थोडीशी आशा होती. मी अप्पांचा कोट उचलला. तेवढ्यात शेवटच्या डावात आमच्या टीमवर नवंच संकट आलं. मुलांचे खांदे दुखू नयेत म्हणून एका मुलानं किती चेंडू टाकायचे याला मर्यादा असते. आमच्या सगळ्या चेंडू टाकणाऱ्यांचे चेंडू संपले होते. लाल टीमनं सात धावा चोपल्या होत्या, सव्वीस-चोवीस झालं होतं, दोघंच बाद, तिन्ही कोपरे भरलेले. कोचनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि उजव्या कोपऱ्यात एका पायावर उभ्या असलेल्या इराला बोलावलं.

तिनं जन्मात कधी मॅचमध्ये चेंडू टाकला नव्हता. ती मधोमध जाण्याऐवजी आधी पळत कुंपणाशी आली. मला वाटलं, माझ्याशी भांडायला आली. पण ती अप्पांसमोर उभी राहिली, माझ्या हातातला कोट पाहिला, आणि मराठीत म्हणाली:

‘आजोबा, तू जातोस? मी आता टाकतो आहे.’

‘टाकतो’ म्हणाली. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी ‘टाकते’ म्हणून दुरुस्त केलं असतं. अप्पांनी कोट माझ्या हातातून घेतला, घडी घालून बाकावर ठेवला आणि त्याच्यावर बसले.

‘टाक,’ ते तिला म्हणाले. ‘मी हाय हितंच.’

मी मनगटावरचं घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. मार्कुसनं माणुसकीनं सुचवलं की तो स्वतः आजोबांना गाडीनं सोडेल, अजून प्रयत्न करता येईल. मी ते अप्पांना सांगितलं. ते मैदानावरची नजर न काढता म्हणाले, ‘अनघा, विमानं रोज असतात. पोरगी पहिल्यांदा टाकतीय.’

इरानं पहिले चार चेंडू टाकले ते चार दिशांना गेले. धाव. सव्वीस-पंचवीस. पुढचे चार त्याहून लांब. सव्वीस-सव्वीस. तिनं टोपी डोळ्यांवर ओढली. अप्पा उठले, जाळीला हात धरून उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, ‘इरा, जोर कमी कर. हळू टाक. ह्याला उंचावरचा खेळता येत नाही, छातीएवढा टाक.’

दुपारपासून ते प्रत्येक मुलाचं खेळणं बघत होते, हे मला तेव्हा समजलं. रेडिओवर ऐकून ऐकून ज्याला मैदान डोळ्यांपुढे उभं करायची सवय, त्याला डोळ्यांनी दिसल्यावर आणखी काय हवं.

इरानं हळू टाकला. मुलगा चुकला. लाल टीमचा कोच पंचांना विचारू लागला, हे गृहस्थ काय सांगतायत? पंच म्हणाले, मला काय कळणार. इराच्या चेहऱ्यावर तो प्रकाश हळूहळू पडताना मी पाहिला. या एवढ्या मैदानावर आपण आणि आजोबा काय बोलतोय ते कुणालाच कळत नाही! तिनं वळून मोठ्यानं विचारलं, ‘आजोबा, परत तसाच?’

‘तसाच. जरा अलीकडं.’

दुसराही चुकला. तिसऱ्या चेंडूच्या आधी तिनं विचारलं, ‘आता?’ अप्पा म्हणाले, आता लांब टाक, तो अधाशी आहे, मारायला जाईल. तो गेला. बॅट फिरली, चेंडू मागच्या मुलाच्या हातमोज्यात धप्प. बाद. इरा दोन्ही हात वर करून जाळीपर्यंत पळत आली आणि अप्पांनी जाळीच्या भोकांतून तिची बोटं धरली.

आमचा शेवटचा डाव बाकी होता. बरोबरीत होतो, एक धाव पुरे होती, तीही कुणाला काढता आली नाही. मग लाल टीमच्या बसचा ड्रायव्हर येऊन उभा राहिला, दोन्ही कोचनी हात मिळवले, आणि मॅच अनिर्णित म्हणून जाहीर झाली. सव्वीस-सव्वीस. एवढा वेळ, एवढ्या धावा, एक विमान, आणि निकाल नाही.

मला रडू यायचं बाकी होतं. अप्पा मात्र कमालीचे खूष. मार्कुसचा हात हातात घेऊन ते इंग्रजीत सांगत होते की हीच तर खरी मॅच, दिवसभर खेळायचं आणि कुणीच हरायचं नाही. मार्कुस मान डोलवत होता.

नितीनला फोन केला तेव्हा तो अजून चेक-इनच्या काउंटरपाशी उभा होता. मी म्हटलं, अप्पा नाही जात आज. तो म्हणाला, काय झालं, बरे आहेत ना? मी अप्पांकडे बघितलं. ते उरलेला केक खात होते आणि इरा त्यांच्या शेजारी बसून हातवारे करत, मोडक्यातोडक्या मराठीत, मध्ये जर्मन शब्द पेरत, मघाच्या तीन चेंडूंची पुन्हा उजळणी करत होती. मी म्हटलं, बरे आहेत. तू एस-बाननं घरी ये.

त्या तिकिटाचं पुढे काय झालं ते नितीननं निस्तरलं, मला त्यानं आजवर नीट सांगितलेलं नाही आणि मी विचारत नाही. अप्पा पूर्ण तीन महिने राहिले, दिवाळी करूनच गेले. रोज संध्याकाळी ते आणि इरा मागच्या गवतावर चेंडू टाकत. तिचं मराठी वाढलं, फक्त ते सगळं मिरजेचं वाढलं. आता ती मला ‘तू काय करायलीस?’ असं विचारते. मिरजेचा फोन आला की अप्पा माझ्या चेंडू उचलण्याची गोष्ट सांगत, दर वेळी थोडी वाढवून. शेवटी शेवटी तर मी तो चेंडू पदरात झेलला होता. माझ्याशी बोलायला त्यांना आता विषय होता, आणि तो विषय मीच होते, याबद्दल मी खरोखर देवाची आणि त्या लाल टोपीच्या इवल्याशा मुलाची ऋणी आहे.

क्लबनंही माझी आठवण ठेवली. पुढच्या वसंतात सीझन सुरू झाला तेव्हा त्या छोट्या फाटकावर नवी कोरी पाटी होती, छान ठळक जर्मन अक्षरांत: प्रेक्षकांनी मैदानात येऊ नये, चेंडूला हात लावू नये, आणि पंचांना गाडी काढायला सांगू नये. इथे परक्या देशात माणसानं आपला ठसा उमटवावा असं सगळे म्हणतात. माझा उमटला आहे, कुंपणाला चार स्क्रूंनी पक्का बसवलेला आहे, आणि नवे पालक तो वाचून हसले की मीही हसून विचारते, अशी कोण वेडी बाई असेल हो?